वाळवंटात पाणी किती न्यायचं? सायकलवाल्यांचं तासांचं गणित

हिवाळा लागला की पुण्या-मुंबईच्या सायकल ग्रुपांवर राजस्थानचे फोटो यायला सुरुवात होते. सरळसोट काळा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, मधोमध एक सायकल आणि तिच्या मागच्या कॅरिअरला दोन फुगलेल्या पिशव्या. त्यावर घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "अरे, पण पाणी कसं पुरतं?" आणि आमचं उत्तरही ठरलेलं, "नेतो भरपूर."

आता भरपूर म्हणजे किती? दोन बाटल्या की दहा लिटरचा कॅन? जैसलमेरहून जोधपूरला जाईपर्यंत मलाही याचं धड उत्तर देता येत नव्हतं. ते मिळालं आमच्यातल्या ६३ वर्षांच्या काकांकडून. काका एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सातारा किती लांब, असं विचारलं तर एसटीतला माणूस कधी किलोमीटर सांगतो का? अडीच तास म्हणतो. वाळवंटात तेच करायचं." त्यांच्या या एका वाक्यात काय काय दडलंय ते उलगडून सांगतो. त्यात थोडं शरीरशास्त्र आहे आणि थोडं भौतिकशास्त्र, पण आठवी-नववीच्या पलीकडचं काही नाही.

रस्ता सपाट, अंतर साताऱ्याएवढं

जैसलमेर ते पोकरण साधारण ११० किलोमीटर, म्हणजे पुणे-सातारा. पोकरणहून देचू, बालेसर करत जोधपूर आणखी १७० किलोमीटरच्या आसपास. जैसलमेर, पोकरण आणि जोधपूर तिन्ही गावं समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर. म्हणजे खंबाटकी नाही, कात्रज नाही, गियर बदलायचं कारणच नाही. पुण्यात रविवारी सकाळी सिंहगड चढून येणाऱ्याला हा रस्ता कागदावर पोरखेळ वाटतो. आम्हालाही वाटला होता.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पहाटे साडेसहाला निघालो, दहा वाजता पोहे खाल्ल्यासारखे ताजे होतो आणि दुपारी दोनला लाठी गावाच्या अलीकडे एका खेजडीच्या विरळ सावलीत बसून एकमेकांकडे न बघता बिस्किटं खात होतो. घाट नव्हता, ऊनही काही ४५ अंशांचं नव्हतं, ३२-३३ असेल. मग झालं काय?

अंग म्हणजे माठ

सायकल चालवताना आपण जेवढी ऊर्जा जाळतो, तिचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. सपाट रस्त्यावर सामानासह ताशी वीसच्या वेगानं जायला साधारण ९० ते १०० वॅट लागतात, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. पण हा एक बल्ब पेटवायला शरीर आतून असे साडेतीन बल्ब नुसते तापवत असतं. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर तासाभरात ताप चढावा तसं अंग चढेल.

हवा गार असेल तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा त्वचेइतकीच, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास गेली की तो रस्ता बंद. त्याहून तापली तर हवाच उलट आपल्याला उष्णता देते. मग उरतो एकच उपाय, घाम. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळायला हवा. चहाचं आधण उकळी यायला जेवढा गॅस जळतो, त्याच्या सातपट गॅस तेच पाणी पूर्ण आटवायला लागतो. पाण्याची वाफ होताना इतकी प्रचंड उष्णता उचलली जाते, म्हणून माठातलं पाणी गार होतं आणि म्हणूनच माणूस उन्हात जगतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

आता हिशेब मांडा. साडेतीनशे वॅट उष्णता तासभर बाहेर टाकायची तर साधारण अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. त्यात वरून ऊन, खालून तापलेलं डांबर. म्हणून हिवाळ्यात थरच्या वाळवंटात माणशी तासाला अर्धा लिटर आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी पाऊण ते एक लिटर, हा धरून चालण्याचा आकडा. प्रत्येकाचं अंग वेगळं, कुणाला जास्त घाम, कुणाला कमी. आम्ही पाऊण धरला होता.

मग मुंबईत जास्त घाम का येतो?

हा आक्षेप माझ्या बहिणीचा. ती ठाण्यात राहते. "तुम्ही वाळवंटाचं कौतुक सांगता, मी स्टेशनपर्यंत चालत गेले तरी निथळते."

निथळते, हाच शब्द महत्त्वाचा. निथळलेला घाम फुकट गेलेला घाम. ठाण्याची हवा आधीच बाष्पानं भरलेली, तिच्यात आणखी वाफ मावत नाही, म्हणून घाम वाळण्याऐवजी ओघळतो. कोकणात माठाचं पाणी कोमट लागतं आणि नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, दोन्हीचं कारण एकच. हे मोजण्याची एक पद्धत आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडायचा. पाणी वाळून पारा जिथपर्यंत उतरेल ते 'ओल्या फडक्याचं तापमान'. वाळवंटात ४० अंशांत आर्द्रता १५ टक्के असेल तर ते २१ च्या जवळपास येतं. किनाऱ्यावर ३४ अंशांत ७० टक्के आर्द्रतेला ते २९ असतं. म्हणजे माठ म्हणून पाहिलं तर आपलं अंग ठाण्यापेक्षा जैसलमेरात चांगलं काम करतं.

मात्र इथंच वाळवंट फसवतं. घाम दिसतच नाही. आला की वाळला. अंग कोरडं, शर्ट कोरडा, त्यामुळे तहानेचीही घाई वाटत नाही. लाठीजवळ त्या खेजडीखाली मी सॅक उतरवली तेव्हा काळ्या शर्टावर खांद्यांवर आणि कमरेवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, समुद्राची लाट ओसरल्यावर वाळूत राहतात तशा, एकाखाली एक. घाम आला नाही असं मी सकाळपासून सगळ्यांना सांगत होतो.

वारा म्हणजे न दिसणारा घाट

आता तासांकडे येऊ. त्या दिवशी वारा पूर्वेकडून होता आणि आम्हाला जायचं होतं पूर्वेलाच. जोर फार नव्हता, ताशी पंधरा किलोमीटर असेल. झेंडा नीट फडकेल एवढा. दुचाकीवर तो कळलाही नसता.

सायकलला मात्र कळतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. आणि हवेला तुमचा रस्त्यावरचा वेग ठाऊक नसतो, तिला कळतो फक्त समोरून आदळण्याचा वेग. तुम्ही वीसनं जाताय आणि समोरून पंधराचा वारा आहे, म्हणजे हवेच्या दृष्टीनं तुम्ही पस्तीसनं जाताय. आमच्यासारख्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या सायकलचा हिशेब मांडला तर तेवढ्याच दमात वीसचा वेग तेरावर येतो. तोच वारा पाठीवर असता तर अठ्ठावीस-एकोणतीस मिळाला असता.

जैसलमेर-पोकरण ११० किलोमीटर. वारा पडलेला असेल तर साडेपाच तास. पाठीशी असेल तर चारही नाहीत. समोरून असेल तर साडेआठ. रस्ता तोच, पाय तेच, पण पाऊण लिटरच्या हिशेबानं पाणी कधी तीन लिटर, कधी चार, कधी साडेसहा. म्हणून किलोमीटरवरून पाणी ठरवणारा माणूस फसतो. आम्ही चार-चार लिटर घेतलं होतं, वीसच्या वेगाचं. लाठीला पोचलो तेव्हा माझ्याकडे दीड बाटली उरली होती आणि घड्याळात ठरलेल्यापेक्षा तीन तास जास्त झाले होते.

त्यातही एक मेख आहे. वाळवंटात पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. रात्री जमीन गार पडते, गार जड हवा खाली बसून राहते आणि वरचा वेगवान वारा वरच्या वर निघून जातो. सूर्य चढून जमीन तापली की हवेची घुसळण सुरू होते आणि तो वरचा वारा खाली खेचला जातो. म्हणून नऊ-दहानंतर अचानक कुणीतरी मागून सायकल धरून ठेवल्यासारखं वाटतं. ब्रेक घासतोय का म्हणून मी दोनदा उतरून चाक फिरवून पाहिलं. चाक मस्त फिरत होतं.

एकूण ऋतूचं सांगायचं तर हिवाळ्यात थरमधला वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा आणि मंद असतो. उन्हाळा लागला की नैऋत्येचा जोरकस वारा आणि त्याबरोबर धुळीची आंधी. जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्यांचं रान उठलंय ते उगाच नाही.

एवढं पाणी ओढायचं म्हणजे वजन नाही का वाढत?

वाढतं. सहा लिटर म्हणजे सहा किलो. पण सपाट रस्त्यावर वजनाची किंमत फार कमी असते. चढावर प्रत्येक किलो उचलावा लागतो, सपाटीवर तो नुसता लोळवायचा असतो. सहा किलो जादा वजनाला ताशी वीसच्या वेगात दोन-सव्वादोन वॅट लागतात, शंभरातले दोन. सिंहगडावर नेताना बाटली अर्धी रिकामी करणारे शहाणे. इथं तसं करणारा वेडा. पाणी जास्त झालं तर पोकरणला पोचून पाय धुवावेत.

मात्र ते पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊ नये, कॅरिअरवर खाली बांधावं. सॅकमुळे पाठ झाकली जाते आणि अंगाचा सर्वांत मोठा माठ तिथंच बंद होतो. माझ्या शर्टावर रेघा खांद्यावर आणि कमरेवर होत्या, मध्ये पाठीवर ओला चिकट चौकोन होता. तेवढा भाग ठाण्यात होता म्हणायचा.

पाणी पीत राहिलं की झालं ना?

नाही, आणि इथं जरा सावकाश वाचा. घाम म्हणजे नुसतं पाणी नसतं. एका लिटरात साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ जातं. दिवसभरात पाच-सहा लिटर घाम गेला आणि तुम्ही तेवढंच साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. आमटीत सारखं पाणी ओतत राहावं तसं. डोकं जड होतं, मळमळतं, हात सुजल्यासारखे वाटतात. गंमत अशी की ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच असतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो. प्रकरण टोकाला गेलं तर फीट येऊ शकते.

यावरचा उपाय आपल्याकडे घरोघरी आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर कशाला? आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ते मीठ आणि साखर जोडीनं आले तरच उघडतं, आणि ती जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी ओढलं जातं. नुसतं मीठ टाकलं तर दार बंद. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. जीवनजल, ओआरएस, इलेक्ट्रॉल, नाव काहीही असो, पाकिटात तेच असतं. काका एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर-लिंबू ठेवायचे आणि आलटून पालटून प्यायचे. ढाब्यावर मिळणारी मीठ घातलेली छाछ हा तिसरा पर्याय, आणि खरं सांगायचं तर चवीला पहिला.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचा हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. काकांनी विचारलं होतं.

तासांना ऊन-थंडीही जोडा

"मग रात्रीच का नाही चालवत?" असंही लोक विचारतात. उंटांचे तांडे रात्री चालायचे, हे खरं. पण त्या काळी महामार्गावर ट्रक नव्हते. जैसलमेर सीमेवरचं ठाणं असल्यानं या रस्त्यावर लष्कराचे ताफेही असतात, आणि अंधारात सर्वांत धोकादायक म्हणजे रस्त्यात बसलेली गुरं. डांबर रात्री उशिरापर्यंत कोमट राहतं, म्हणून गाई तिथंच बसतात. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस दिव्याच्या उजेडातही दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून मधला मार्ग म्हणजे उजाडलं की निघायचं, अकराच्या आत दिवसाचा मोठा तुकडा उरकायचा, दुपारी पडून राहायचं, चारला पुन्हा निघायचं.

पहाटेच्या थंडीकडे मात्र आपली मंडळी दुर्लक्ष करतात. जैसलमेरात जानेवारीत दुपारी २३-२४ अंश आणि पहाटे सात-आठ. हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असल्यानं दिवसभराची उष्णता रात्री थेट वर निघून जाते, पांघरूण काढून घेतल्यासारखी. वाळवंटात जायचं म्हणून स्वेटर न घेतलेला एक मुंबईकर मी टॉवेल गुंडाळून सायकल चालवताना पाहिलाय.

आणि एप्रिल ते जून? जोधपूर-जैसलमेरच्या अधेमधे वसलेल्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले. त्या दिवसांत कुठलंही गणित मांडू नये. घरी बसावं.

समजा एवढं करूनही बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, सरळ चालवता येईना, हाक मारली तर ओळखेना, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. अंगाचं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं, मग घाम येत असो वा नसो. अशा वेळी पाणी पाजण्याची घाई करू नये. ते असेल नसेल तेवढं अंगावर ओतावं, शर्टानं वारा घालावा आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. प्यायला राखून ठेवलेलं पाणीही तेव्हा ओतायचंच.

कमी कपडे घातले तर गार नाही का वाटणार?

पोकरणच्या बाजारात एकही म्हातारा अर्ध्या बाह्यांत दिसला नाही. पायघोळ धोतर, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि डोक्याला भलंमोठं पागोटं. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात असतं, आपल्या साडेतीन बल्बांपुढे ते काय आहे ते बघा. सैल सुती कापड ते ऊन बाहेरच अडवतं आणि आत वारा खेळता ठेवतं घाम वाळवायला. आमच्या तंग सायकल जर्सीपेक्षा काकांचा जुना पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट तिसऱ्या दिवशी सर्वांना हवासा वाटत होता.

पाणी मिळतं, पण कुठलं?

थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर ढाणी (छोटी वस्ती), ढाबा, पेट्रोल पंप असं काहीतरी लागतं. नकाशावर दिसणारा ढाबा मात्र बंद असू शकतो, म्हणून एक मुक्काम वगळून पुढच्या मुक्कामापर्यंतचं पाणी धरायचं.

आणि मागताना नुसतं 'पानी' म्हणू नये. पहिल्या दिवशी मी एका हौदाचा नळ सोडून बाटली भरली आणि तोंडाला लावली. सैंधव घातलेल्या सरबतासारखं पाणी, साखर विसरलेलं. शेजारी शेळ्यांना पाणी पाजणारे आजोबा शांतपणे म्हणाले, "ये खारा है, मीठा अंदर है." जमिनीखालचं पाणी इथं बऱ्याच ठिकाणी क्षारांचं आणि फ्लोराइडचं, ते जनावरांना आणि धुण्याला. माणसांसाठी 'मीठा पानी', म्हणजे एक तर पावसाचं टाक्यात साठवलेलं, नाहीतर नहरचं. नहर म्हणजे इंदिरा गांधी कालवा. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिके बंधाऱ्यापासून तो निघतो. थेट हिमालयाचं पाणी जोधपूरच्या नळाला येतं तेही याच कालव्यातून उचलून.

वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जिल्ह्यात पाणी विचारायला कसंतरी वाटतं. पण मी विचारलं आणि कुणी नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही. या वाटेनं भाद्रपदात लाखो लोक रामदेवऱ्याला पायी जातात, बाबा रामदेवजींच्या जत्रेला, आपल्या वारीसारखे. जाणाऱ्याला पाणी पाजणं इथं अंगवळणी पडलंय.

सराटे

चाकांबद्दल एकच सांगतो. पंक्चर वाळूमुळे होत नाही, उन्हानंही नाही. सकाळी दहा अंशांना भरलेली हवा दुपारी पन्नास अंशांच्या डांबरावर आली तरी पन्नास पौंडांचा दाब साठाच्या आतच राहतो, त्यानं टायर फुटत नाही. पंक्चर होतं ते सराट्यानं. आपल्या माळावरचा तोच, हिंदीत गोखरू. कसाही पडला तरी एक काटा वर. जोडीला वेड्या बाभळीचे दोन-दोन इंची काटे. सायकल टेकवायला रस्ता सोडून चार पावलं आत नेली की संपलं. एका लघुशंकेत आम्ही तिघांनी मिळून पाच पंक्चर केले, आणि प्रत्येक पंक्चर म्हणजे उन्हात वीस मिनिटं. तासांच्या हिशेबात हेही धरायचं. सायकल डांबरावरच उभी करावी.

लाठीच्या आसपास माळढोकाच्या पाट्या लागतात. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यासाठी अभयारण्य झालं तोच पक्षी, इथं त्याला गोडावण म्हणतात. आम्हाला दिसला नाही. दिसला असता तर पाचही पंक्चर माफ केले असते.

याहून मोठी वाळवंटं

थरमध्ये चुकलं तर हात दाखवून ट्रक थांबवता येतो. ऑस्ट्रेलियातलं नलारबॉर पार करून पर्थ गाठणाऱ्यांचं तसं नसतं. तिथं सेडूना ते नॉर्समन सुमारे १२०० किलोमीटर आणि वस्ती म्हणजे रोडहाउसं, पेट्रोल पंप आणि मुक्काम एकत्र. बॅलाडोनियाहून नॉर्समन तब्बल १९१ किलोमीटर, मध्ये एकही रोडहाउस नाही. काकांच्या पद्धतीनं बघा. वीसच्या वेगाला साडेनऊ तास आणि सात लिटर, तेराच्या वेगाला पंधरा तास आणि अकरा लिटर. म्हणून तिथं माणसं दोन दिवस वारा फिरायची वाट बघत बसतात, आणि ते शहाणपणाचं असतं. त्याच वाटेवर १४६.६ किलोमीटर एकही वळण नसलेला रस्ता आहे. आर्थर रिचर्डसननं १८९६ मध्ये कूलगार्डी ते अॅडलेड हे वाळवंट सायकलनं ३१ दिवसांत पार केलं तेव्हा तर डांबर नव्हतंच.

आणि आपलीही माणसं यात मागे नव्हती. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलनं जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सीरियाची वाळवंटं त्यांनी गियर नसलेल्या सायकलींवर ओलांडली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे फेरी पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईत परतले, ७० हजारांवर किलोमीटर करून. त्यांच्याकडे हवामानाचं ॲप नव्हतं, जीवनजलाची पाकिटं नव्हती. आम्ही तिघं मोबाइलवर वाऱ्याचे बाण बघत होतो आणि तरी चार लिटरचा हिशेब चुकवला.

शहर आलं, म्हणजे सुटलो?

तिसऱ्या दिवशी बालेसरहून निघालो तेव्हा जोधपूर सत्तर किलोमीटर होतं आणि वारा पडलेला. पहिले पंचेचाळीस किलोमीटर सव्वादोन तासांत. मला वाटलं, साडेदहाला हॉटेलात.

पण वाळवंटात तीन दिवस राहिलं की डोळ्यांना एक सवय लागते. समोर एक ट्रक दिसतो, तो पाच मिनिटं दिसत राहतो, मग जातो. आजूबाजूला काही हलतच नाही. जोधपूर जवळ आलं तसे दगडाचे डंपर, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा, दहा लाखांवर वस्तीचं शहर एकदम अंगावर आलं. पाय दमलेले, लक्ष उडालेलं, त्यात 'आता काय, पोचलोच' ही भावना. लांब पल्ल्याच्या प्रवासात शेवटचा टप्पा सर्वांत निर्मनुष्य नसतो, तरी माझ्या मते धोका तिथं सर्वांत जास्त असतो. एका चौकात हिरवा दिवा लागला आणि मी निघालोच नाही, नुसता बघत राहिलो. मागून इतके हॉर्न वाजले की काकांनी माझ्या सायकलला हात लावून ढकललं.

उरलेले पंचवीस किलोमीटर अडीच तास. म्हणजे ताशी दहा, लाठीच्या वाऱ्यापेक्षाही हळू. आणि गंमत बघा, शहर आलं म्हणून मी बालेसरला दोनच बाटल्या भरल्या होत्या. मेहरानगडाची भिंत डोक्यावर दिसत असताना, चहूकडे दुकानं असताना, माझं पाणी संपलं होतं आणि गर्दीत सायकल कडेला घेऊन थांबायला जागा मिळत नव्हती.

काकांनी न बोलता त्यांची लिंबाची बाटली पुढे केली. कोमट होती. हॉटेलात पोचल्यावर अंघोळीच्याही आधी त्यांनी पॅसेजमधल्या कूलरखाली आपल्या चारही बाटल्या ओळीनं लावल्या आणि भरल्या. दुसऱ्या दिवशी आमची परतीची रेल्वे होती. आमच्या तिघांतली मैत्रीण म्हणाली, "काका, आता कशाला?"

"स्टेशन किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन किलोमीटर."

"वेळ सांग."

मग मीही माझ्या बाटल्या आणल्या.